पांढरीची मोजणी आणि आकाशातील खुणा

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव संत गोरोबा काकांचे गाव म्हणून उभ्या महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु ह्या गावाचा आणखी एक मान फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. ज्याचे ठिकाण अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत ग्रंथनिविष्ट झाले, असे ह्या जिल्ह्यातील पहिले गाव तेर हेच म्हणावयास हरकत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे राहणाऱ्या टॉलेमी ह्या ज्योतिर्विदाने जगाच्या भूगोलावर जो ग्रंथ रचला, त्यात तगर ह्या नगराची नोंद आहे. आणि हे तगर म्हणजेच आजचे तेर होय, हे फ्लीट ह्या पुराभिलेखतज्ज्ञाने १९०१ साली साधार मांडले. टॉलेमीने तगराचा अक्षांश एकोणीस अंशांहून काहीसा अधिक दिला आहे. वास्तविक तेर अठरा अंश एकोणीस कलांच्या आसपास आहे. म्हणजे चूक सुमारे एका अंशाची, जमिनीवर शंभर किलोमीटरांहून अधिक अंतराची झाली. एवढ्यावरच भागले नाही. पैठण हे तेरच्या उत्तरेस असता त्याने पैठणास दक्षिणेकडे आणि तगरास उत्तरेकडे बसविले.

ह्याबद्दल टॉलेमीस दोष देणे योग्य होणार नाही. त्याने तेर पाहिले नव्हते. व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या मजलांवरून त्यास अंश काढावे लागत. समुद्रप्रवासाच्या 'पेरिप्लस' नामक एका जुन्या ग्रीक ग्रंथात तगर हे पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेस असल्याचे सांगितले आहे. बैलांच्या चालीने मोजलेले दिवस आणि आकाशाच्या आधाराने मोजलेले अंश ह्यांचा मेळ बसणे कठीणच. व्यापाऱ्याचे मात्र त्यावाचून काही अडले नाही. त्यास वाट ठाऊक होती, आणि वाट चुकल्यास विचारावयास माणसे होती.

ज्या यंत्रास वाट विचारावयास माणूस नाही, त्याची गोष्ट निराळी. गावठाणाच्या मोजणीसाठी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर ड्रोन ठेवला जातो, त्याचे पंखे निश्चल असतात, दिवे लुकलुकत असतात, आणि त्याचा चालक हातातील पडद्याकडे पाहत उभा असतो. भोवती जमलेली मुले उतावीळ होतात. हे उडत का नाही, असे विचारू लागतात. ते उडत नाही, कारण आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत हे त्यास अद्याप कळलेले नसते. त्या एक-दोन, क्वचित दहा-बारा मिनिटांच्या थांबण्यात काय घडते, आणि ते थांबणे प्रत्येक प्रांती सारखेच का नसते, हे पाहू गेल्यास ह्या जिल्ह्याच्या मोजणीचा सारा इतिहास त्यात गोवलेला दिसतो.

बालाघाटाच्या टापूत जमिनीचे दोन भेद पूर्वापार मानलेले आहेत. पिकणारी ती काळी आणि वसणारी ती पांढरी. काळीवर शेत, पांढरीवर घर. कोणत्याही राज्यकर्त्याची दृष्टी प्रथम काळीवर जाते, कारण सारा काळी देते. पांढरी काही देत नाही; म्हणून ती मोजण्याची घाई कोणी केली नाही. ह्या एका गोष्टीचे परिणाम घराघरांस पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागले. त्याकडे वळण्यापूर्वी काळी कशी मोजली गेली, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

१८०२ साली मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून लॅम्टन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमापनास आरंभ केला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. टेकडीमागून टेकडी, त्रिकोणामागून त्रिकोण करीत तो कन्याकुमारीजवळच्या आठ अंश नऊ कलांपासून उत्तरेकडे चालत आला, आणि १८१५ साली निजामाच्या मुलखात बिदरजवळ दामरगिद्दा येथे त्याने नवी आधाररेषा मोजली. दामरगिद्द्याचा अक्षांश अठरा अंश तीन कला. धाराशिव शहराचा अठरा अंश अकरा कलांच्या जवळपास. म्हणजे दोहोंमध्ये अक्षांशाचे अंतर केवळ आठ कलांचे, दक्षिणोत्तर पंधरा किलोमीटरांच्या आतबाहेर. जिल्ह्याची उमरगा तालुक्याकडील हद्द तर बिदर जिल्ह्यास जाऊन भिडते. लॅम्टन १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे वारला आणि ते काम एव्हरेस्टकडे आले. एव्हरेस्टने १८३० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचा विषयच अठरा अंश तीन कला ते चोवीस अंश सात कला ह्यांमधील रेखावृत्ताचे मापन हा होता. ह्या कामाच्या आधारे पृथ्वीचा जो आकार त्याने ठरविला, तो धरूनच पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानचे नकाशे काढले गेले. हिमालयाच्या शिखरास एव्हरेस्टचे नाव पडले ते सर्वांस ठाऊक आहे. ज्या मापनामुळे त्याचे नाव झाले त्याचा एक खुंटा मराठवाड्याच्या उंबऱ्यावर रोवला होता, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. बिदरपासून मुंबईपर्यंत पश्चिमेकडे त्रिकोणांची एक माळही पुढे गुंफण्यात आली.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, लॅम्टनचे अंतर जमिनीवर साखळीने मोजले जाई, परंतु अक्षांश मात्र ताऱ्यांवरूनच ठरे. मध्यान्हवृत्त ओलांडताना तारा खस्वस्तिकापासून किती अंशांवर आहे, हे रात्रीमागून रात्री पाहावे लागे. ढग आले की काम थांबे. उन्हाळ्यातील धुळीने क्षितिज धूसर झाले की दूरच्या टेकडीवरचे निशाण दिसेनासे होई. एव्हरेस्टने ह्यावर उपाय म्हणून दिवसा आरशांनी सूर्यकिरण परावर्तित करण्याची आणि रात्री दिवे लावण्याची रीत रूढ केली. रात्रीच्या हवेत प्रकाशकिरण वाकतात व एरवी न दिसणारी टेकडी वर उचलल्यासारखी दिसते, ह्याचाही त्याने उपयोग करून घेतला. हवेने घातलेला अडथळा हवेच्याच गुणाने दूर करावयाचा, ही ती युक्ती होती.

ह्यानंतर १८५३ सालच्या तहान्वये निजामाने वऱ्हाड व इतर काही मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, त्यात नळदुर्गचा हा जिल्हाही होता. त्याचा कारभार मेडोज टेलर ह्याजकडे आला आणि १८५७ पर्यंत तो नळदुर्गास होता. ठगांवरील त्याच्या कादंबरीचे नाव अनेकांनी ऐकलेले असते; तुळजापूरच्या परिसरात घडणारी 'तारा' ही त्याची कादंबरी १८६३ ची. परंतु ह्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे मोलाचे काम कादंबऱ्यांचे नव्हे, मोजणीचे. बाहेरून मोजणीदारांचे पथक न आणता त्याने येथल्याच तरुणांस शिकवून तयार केले व त्यांच्याकरवी शेतांची मोजणी सुरू केली. परकी अंमलदारांत ही बुद्धी विरळाच. १८६० साली हा मुलूख निजामास परत मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले आणि ते २०२३ साली बदलून धाराशिव झाले.

नावे बदलली, अंमल बदलले, पण मोजणीची रीत फारशी बदलली नाही. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, शंकू आणि फळा, टिपणवही, आणि बांधावर पुरलेले दगड. तेहतीस फूट लांब व तेवढीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. हा हिशेब शेतकऱ्याच्या जिभेवर इतका बसला आहे की मीटर-हेक्टर आले तरी तो सुटला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. काळीचा उतारा सुधारला, गट पडले, नकाशे झाले. पांढरी मात्र नकाशावर एक कोरा ठिपका राहिली. गावाच्या नकाशात शेतांच्या रेघा गावठाणाच्या कडेपर्यंत येत आणि तेथे थांबत.

त्या कोऱ्या ठिपक्याच्या आत माणसे राहत होती. घर कोणाचे, तर जो राहतो त्याचे. पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. पण तो कराची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. त्यावर लांबी-रुंदी लिहिलेली असली तरी ती तोंडी सांगितलेली. बँकेत तो उतारा तारण म्हणून चालेना. भाऊ विभक्त झाले की मधली भिंत कोणाची, ओसरीपुढचा हातभर ओटा कोणाचा, पन्हळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, ह्यांवरून तंटे होत; आणि ज्या कागदाने ते मिटावे तो कागदच अस्तित्वात नसल्याने पंचांच्या स्मरणशक्तीवर सारा भार पडे. म्हातारे पंच गेले की स्मरणशक्तीही जाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ह्या उणिवेने फार क्रूर रूप धारण केले. लातूर जिल्ह्याबरोबरच धाराशिव जिल्ह्याचा सास्तूरकडील भागही उद्ध्वस्त झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसे दगावली. दगडामातीचा जो ढीग उरला त्यात कोणाची भिंत कोठे संपत होती, हे सांगणारा नकाशा नव्हता, आणि कित्येक घरांत सांगणारा माणूसही उरला नव्हता. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या वसाहतींत रस्ते सरळ आखले गेले, प्रत्येकाची जागा आखून दिली गेली. जी गावे पडली नाहीत, त्यांची पांढरी मात्र पूर्वीसारखीच अमोज राहिली.

हा कोरा ठिपका भरण्याचे काम महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी ह्या गावी ड्रोनच्या साहाय्याने प्रथम करून पाहण्यात आले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व ह्या नावाने देशभर तशीच योजना जाहीर केली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला देशातील ज्या ७६३ गावांच्या मिळकत पत्रिका प्रथम देण्यात आल्या, त्यांत १०० गावे महाराष्ट्रातील होती. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी पन्नास हजारांहून अधिक गावांतील पासष्ट लाखांहून अधिक पत्रिकांचे वाटप झाले, त्यातही महाराष्ट्राचा वाटा होता. योजना राज्यभरची असल्याने धाराशिव जिल्ह्यातील पांढऱ्याही तिच्या कक्षेत आल्या.

तिची रीत पाहण्यासारखी आहे. उड्डाणाच्या आधी ग्रामपंचायत व भूमी अभिलेख खात्याची माणसे गावात फिरतात आणि प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याच्या फक्कीने आखतात. आपली हद्द स्वतः दाखवावयाची असल्याने त्या दिवशी घराघरांत कोणी ना कोणी हजर राहतो, आणि आजवर न बोललेले वाद त्या दिवशी बोलले जातात. मग ड्रोन वर जातो, आकाशातून एकापुढे एक अशी छायाचित्रे घेतो, आणि ती जोडून गावठाणाचा पाचशेपटीने लहान केलेला नकाशा तयार होतो. त्यात अपेक्षित चूक बोटभर-दोन बोटांची, पाच सेंटिमीटरांच्या घरातली. पांढरीतील भिंत दीड-दोन फूट जाड. तेव्हा भिंतीच्या वादासाठी एवढी सूक्ष्मता लागतेच. टॉलेमीची चूक शंभर किलोमीटरांची होती, ही पाच सेंटिमीटरांची.

आता त्या माळावर थांबलेल्या यंत्राकडे वळू या. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आपल्या अणुघड्याळांची वेळ सतत पाठवीत असतात. संदेश निघाल्याची वेळ व तो पोचल्याची वेळ ह्यांतील फरकावरून उपग्रहाचे अंतर निघते. तीन अंतरांवरून ठिकाण निघावे, पण ड्रोनमधील घड्याळ साधे असल्याने त्याची चूक शोधण्यास चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तर अंतर एका फुटाने चुकते. हा झाला किमान हिशेब. सावध चालक चार उपग्रहांवर समाधान मानीत नाही. दहा-बारा तरी मिळेपर्यंत थांबतो, आणि ते आकाशात एका बाजूस गोळा झालेले नसून चहूकडे पसरलेले आहेत ना, हेही पाहतो. एव्हरेस्टचे त्रिकोण फार चिंचोळे झाले की उत्तर बिघडे. येथेही तत्त्व तेच.

उपग्रह वेळेबरोबर एक पंचांगही पाठवितो. आपण स्वतः कोठे आहोत हे तो दर तीस सेकंदांनी सांगतो. पण इतर सर्व उपग्रह कोठे असतील ह्याचे संपूर्ण पंचांग पोचण्यास साडेबारा मिनिटे लागतात. ड्रोन काल ह्याच गावात उडाला असेल तर जुने पंचांग उपयोगी पडते आणि क्षणार्धात उपग्रह सापडतात. पण तोच ड्रोन महिनाभर पेटीत पडून राहिला आणि दूरच्या प्रांतातून येथे आणला गेला, तर त्याजवळचे पंचांग शिळे व परस्थळाचे ठरते. ज्या दिशेस उपग्रह असावयाचे तेथे ते नसतात, आणि सारे आकाश नव्याने धुंडाळावे लागते. एका शहराच्या सूर्योदयावर केलेले पंचांग दुसऱ्या शहरी जसेच्या तसे चालत नाही, हे गावच्या जोशीबुवांस सांगावे लागत नाही.

ही वाट न पाहता ड्रोन उडविला तर काय होते? चालू होताना त्यास आपले परतीचे ठिकाण नोंदवून ठेवावयाचे असते. ते ठिकाण कच्च्या माहितीवर नोंदले गेले आणि पुढे हवेत संपर्क तुटला, तर यंत्र मोठ्या निष्ठेने चुकीच्या जागी परतते. ती जागा विहीर असू शकते, विजेची तार असू शकते, किंवा गंजीजवळ बसलेले मूल असू शकते.

प्रांताप्रांतांतील फरक येथून सुरू होतो. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी पंचावन्न अंशांचा कोन करतात. त्यामुळे नॉर्वेच्या उत्तरेकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर एकही जीपीएस उपग्रह कधी येत नाही. ते सारे माथ्यापासून कललेले दिसतात. रशियाने आपल्या ग्लोनास उपग्रहांस अधिक कललेल्या कक्षा दिल्या त्या आपल्या उत्तरेकडील मुलखाच्या सोयीसाठीच. धाराशिव अठरा अंशांवर असल्याने येथे उपग्रह माथ्यावरूनही जातात. शिवाय भारताच्या नाविक मालिकेचे उपग्रह हिंदी महासागराच्या पट्ट्यावर स्थिर किंवा आठाच्या आकड्यासारखे डोलत राहतात, चीनच्या बायडू मालिकेतील काही उपग्रहही आशियावरच ठेवलेले आहेत, आणि युरोपचे गॅलिलिओ सर्वत्र आहेत. संख्येच्या दृष्टीने बालाघाटाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या आकाशापेक्षा गरीब नाही, किंबहुना श्रीमंतच आहे.

नाविकविषयी येथेच दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. दुसऱ्याच्या घड्याळावर विसंबण्यात काय जोखीम असते, हे २ मे २००० पूर्वीच्या स्थितीवरून कळते. तोपर्यंत अमेरिका आपल्या संदेशांत मुद्दाम दोष मिसळीत असे आणि सामान्य माणसास शंभर मीटरांपर्यंतची चूक सोसावी लागे. शंभर मीटरांत सास्तूरसारख्या जुन्या गावठाणाची अर्धी गल्ली मावेल. भारताने १ जुलै २०१३ रोजी आपला पहिला दिक्चालन उपग्रह सोडला आणि एप्रिल २०१६ मध्ये सातवा. तेव्हाच मालिकेस नाविक हे नाव मिळाले. परंतु पहिल्या उपग्रहाची परदेशी बनावटीची तिन्ही घड्याळे बंद पडली, पुढे इतरांतही तोच रोग शिरला. देशी घड्याळ बसविलेला उपग्रह २९ मे २०२३ रोजी गेला, आणि त्यानंतरचा, जानेवारी २०२५ मधील, इष्ट कक्षेत पोचू शकला नाही. ही मालिका भक्कम होणे अगत्याचे आहे. तिच्या नावाचा जयघोष तिच्या घड्याळांपेक्षा मोठ्याने होतो, हे मात्र बरे नव्हे.

आकाश श्रीमंत असूनही येथे एक अडचण आहे, आणि ती युरोपात जवळजवळ नाही. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून देशातील पहिले अग्निबाण सोडले गेले ते ह्याच कारणास्तव. ह्या रेषेवर, शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनांबरातला विद्युत्‌भारित वायू दिवसा कारंज्यासारखा वर उसळतो आणि दोन्ही बाजूंस खाली ओघळून दाट थर करतो. उत्तरेकडचा दाट पट्टा सामान्यतः अहमदाबाद-भोपाळच्या बाजूस पडतो. धाराशिव ह्या कारंज्याच्या आणि त्या पट्ट्याच्या मध्ये आहे. उपग्रहाचा संदेश ह्या थरातून येताना रेंगाळतो, आणि रेंगाळलेला संदेश म्हणजे खोटे अंतर. सूर्यास्तानंतर तर ह्या थरात विरळ वायूचे बुडबुडे उठतात व संदेश ताऱ्यासारखे लुकलुकू लागतात. कित्येकदा ते पार तुटतात. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर ह्या महिन्यांत, आणि सूर्यावर डाग अधिक असणाऱ्या वर्षांत, हा उपद्रव वाढतो. विमानांसाठी भारताने उभारलेल्या गगन ह्या सुधारणा-यंत्रणेस म्हणूनच आयनांबराचे वेगळे गणित बसवावे लागले. समशीतोष्ण देशांतले तयार गणित येथे पुरे पडेना. रात्री रेडिओवर दूरदेशची केंद्रे ऐकू येतात ती ह्याच आयनांबराच्या कृपेने. एकाच छपराने रेडिओवर उपकार करावा आणि उपग्रहाच्या संदेशास अडवावे, असा हा प्रकार आहे.

ढगांचा मात्र येथे दोष नाही. लॅम्टनला ढगांनी हैराण केले. ड्रोनला उपग्रह सापडण्यात ढगांमुळे जवळजवळ काहीच बाध येत नाही. पावसाळी हवेत संदेश मिळत नाहीत ही समजूत गावोगाव आढळते, ती बरोबर नाही.

छायाचित्रांसाठी ऊन लागत असल्याने मोजणीचे उड्डाण दिवसाच होते आणि सायंकाळच्या बुडबुड्यांपासून ते सहसा वाचते. पण फवारणीचे ड्रोन अलीकडे शेतांवर येऊ लागले आहेत, आणि फवारणी वारा पडल्यावर, दिवस कलताना करणे सोयीचे असते. ऑक्टोबरात तुरीवर सायंकाळी औषध मारणाऱ्या चालकाने उपग्रहांची संख्या एकाएकी घटलेली पाहिली, तर त्याने यंत्राच्या बनावटीस नव्हे, त्या वेळेस व त्या महिन्यास दोष द्यावा. १० व ११ मे २०२४ रोजी सूर्यावरील उद्रेकाने चुंबकीय वादळ झाले तेव्हा अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात उपग्रहांच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर थबकले. लडाखातील हानले येथे आकाश तांबूस झाले. अशा वादळांची नोंद ठेवण्याचा वारसा महाराष्ट्रास जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत आली, सप्टेंबर १८५९ चे प्रसिद्ध वादळ तेथे टिपले गेले, आणि शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस हलविण्यात आले.

आकाशाइतकीच जमीनही यंत्रास फसवू शकते. ड्रोनला आपले ठिकाण उपग्रहांवरून कळते, पण तोंड कोणत्या दिशेस आहे हे तो चुंबकसूचीवरून ओळखतो. मराठवाड्याचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा असून त्यात लोहचुंबकाचा अंश आहे. उघड्या कातळावर सूची भ्रमते. भूकंपानंतर माळवदाची धास्ती घेतलेल्या लोकांनी पत्र्याची छपरे पसंत केली. पत्र्याशेजारीही तोच अनुभव. म्हणून जाणता चालक उड्डाणासाठी कातळ, पत्रा, मोटारगाडी व विजेचा खांब ह्यांपासून दूरची मातीची जागा निवडतो. तुळजापूरसारख्या घाटाच्या कुशीत उतरलेल्या गावी, किंवा नळदुर्गच्या तटाखाली, आकाशाचा बराच भाग डोंगराने वा भिंतीने झाकलेला असतो, आणि उरलेल्या भागातील संदेश दगडावर आपटून फिरून येतात. त्याच गावाच्या वरच्या पठारावर मिनिटात उपग्रह मिळावेत आणि खाली गल्लीत पाच मिनिटे मिळू नयेत, ह्यात नवल नाही.

आयनांबराची चूक पाच सेंटिमीटरांत आणण्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात ठिकठिकाणी कायमची ग्राहक-स्थानके उभारली आहेत. स्थानकाचे ठिकाण आधीच सूक्ष्मपणे ठाऊक असते. उपग्रह त्यास क्षणोक्षणी जे ठिकाण सांगतात ते खऱ्याशी ताडून पाहिले की त्या प्रदेशावरील आकाशाने त्या क्षणी किती फसविले ते कळते, आणि तेवढी दुरुस्ती आसपासच्या यंत्रांस कळविली जाते. दामरगिद्द्याची आधाररेषा हेच काम करी. तिच्या शुद्धतेवर पुढच्या साऱ्या त्रिकोणांची शुद्धता अवलंबून असे. फरक इतकाच की तेव्हाच्या दुरुस्त्यांस वर्षे लागत, आता सेकंद लागतात. जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीवर काढलेले आणि उपग्रह निराळ्या आकाराची पृथ्वी धरून चालणारे. त्यामुळे जुन्या नकाशावरील आकडे नव्या यंत्रात जसेच्या तसे घातल्यास गाव जागचे सरकते, ही एक अडचण मोजणीदारांस वारंवार भेटते. गणिताने ती सुटते, विसरल्यास मात्र तंटा उभा राहतो.

एवढे सारे होऊन नकाशा तयार झाला तरी पांढरीचा काही भाग त्यात उमटत नाही. पारावरच्या पिंपळाखाली, परसातील कडुनिंबाच्या दाट सावलीत, आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर आलेल्या पत्र्याच्या वळचणीखाली चुन्याची रेघ वरून दिसत नाही. नकाशा गावात आणून वाचून दाखविला जातो, तेव्हा हरकती येतात त्या बहुधा ह्याच जागांविषयी. अशा ठिकाणी भूकरमापकास अजूनही फीत घेऊन जावे लागते. दोन्ही शेजारी दोन टोके धरतात आणि तो आकडा लिहून घेतो.